आमदाराचे लेटरहेड आणि नकाशावरून हरवलेला ओढा

प्रश्न असा आहे: "आमच्या भागातून निवडून आलेले आमदार टेकड्या, नदी, शेतजमीन वाचवण्याबद्दल भरभरून बोलतात. पण विकास आराखडा नगरपरिषद करते, मंजुरी मंत्रालयातून येते आणि पर्यावरणाचे कायदे केंद्राचे. मग आमदाराच्या हातात नेमके काय उरते? आणि ते खरेच काही करताहेत की नुसते बोलताहेत, हे आम्ही कशावरून ओळखायचे?"

तुमच्या शंकेतला खरा भाग आधी मान्य करते. आमदाराला एकही बांधकाम परवानगी देता येत नाही आणि एकही अडवता येत नाही. झोन बदलाचा आदेश त्याच्या सहीने निघत नाही. टेकडी फोडणारा पोकलेन थांबवायला तो स्वतः गेला, तर दोन दिवस बातमी होते आणि तिसऱ्या दिवशी पोकलेन पुन्हा घरघरायला लागतो. तरीही जमिनीच्या बाबतीत तालुक्यात आमदाराइतके वजन दुसऱ्या कुणाचे नसते. ते वजन कुठे पडते, एवढेच बाहेरून दिसत नाही.

मी नगररचनाकार आहे. पहिली नऊ वर्षे सरकारी नोकरी, त्यानंतरची सतरा स्वतंत्र सल्लागार म्हणून. मधल्या काळात तीन वेगवेगळ्या पक्षांच्या आमदारांना अधिवेशनाआधी जमीन आणि नद्यांविषयीचे प्रश्न तयार करून दिले. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झाले असल्यामुळे सांगते: आमदाराचे पर्यावरणप्रेम मोजायचे असेल, तर पाच जूनचे वृक्षारोपण बघू नका. त्याचे लेटरहेड कुठे कुठे गेले ते बघा.

नोकरीत असताना माझ्यासमोर झोन बदलाच्या फाइली यायच्या. शेती विभागातली जमीन रहिवासी करून मिळावी, असा अर्ज. अर्जाखाली सातबारा, मोजणी नकाशा आणि बहुतेक वेळा एक पत्र. पत्रातला मजकूर पाठ झाला होता: "सदर अर्जदार माझ्या मतदारसंघातील असून त्यांच्या विनंतीचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा." पत्राच्या कोपऱ्यात हिरव्या शाईत मंत्र्यांचा शेरा: "तपासून तातडीने सादर करावे." या पत्राला कायद्यात शून्य किंमत आहे. पण ते लागले की फाइलीला पाय फुटतात. दोन वर्षे कपाटात पडलेला प्रस्ताव पंधरा दिवसांत तीन टेबले ओलांडतो. "प्रस्ताव नाकारण्यात यावा" अशी टिपणी लिहिताना कनिष्ठ अधिकाऱ्याचा हात अडखळतो आणि तो "शासनस्तरावर निर्णय व्हावा" असे लिहून मोकळा होतो. हे मी पाहिले आहे, आणि एकदोनदा मीही तसेच लिहिले आहे.

ज्या तीन आमदारांबरोबर काम केले, त्यांतल्या एकाच्या स्वीय सहायकाने पहिल्याच भेटीत मला सांगितले होते, "मॅडम, साहेब झोन बदलाला आणि बाग-मैदानासाठी राखलेल्या जमिनीवरचे आरक्षण उठवायला पत्र देत नाहीत. बाकी शाळा, दवाखाना, बदली, काहीही सांगा." ऐकायला सोपे वाटते. त्या पाच वर्षांत ह्या एका नियमापायी त्यांची किती माणसे तुटली, ते मी जवळून पाहिले. सख्ख्या मेहुण्याशी बोलणे बंद झाले होते. त्याबद्दल त्यांनी कधी भाषण केले नाही, आणि न दिलेल्या पत्राचा फोटो काढता येत नाही.

आता अधिकाराचा प्रश्न. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत जमीन राज्य सूचीत आहे, १८ वी नोंद. पाणी १७ वी. वने आणि वन्यजीव १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेले. पर्यावरण संरक्षण अधिनियम १९८६ चा, संसदेचा. त्यामुळे खाण, बंदर, औष्णिक वीज प्रकल्प आला की सगळ्यांच्या नजरा दिल्लीकडे जातात, आणि आमदारही खुशाल दिल्लीकडे बोट दाखवून सुटतो. पण घरे कुठे होणार, कुठल्या उतारावर होणार नाहीत, ओढ्याच्या कडेला किती जागा सोडायची, शेती विभाग कुठे संपतो, हे सारे ज्या कायद्याने ठरते तो महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियम १९६६, आणि तो महाराष्ट्राच्या विधिमंडळाचा आहे. बिगरशेतीचे नियम ज्यात आहेत, तो जमीन महसूल अधिनियमही १९६६ चा आणि इथलाच. या दोन्हींत दुरुस्त्या होतात त्या विधिमंडळातच. तेव्हा "माझ्या हातात काही नाही" हे आमदाराचे वाक्य वाघाच्या अभयारण्यापुरते चालेल, गावाशेजारच्या टेकडीला ते लागू होत नाही.

१९६६ च्या या कायद्यातले एक कलम प्रत्येकाने वाचावे: कलम ३७. मंजूर विकास आराखड्यात किरकोळ फेरबदल करण्याचे. कायदा म्हणतो, हा फेरबदल आराखड्याचे मूळ स्वरूप बदलणारा नसावा. ठीक आहे, सोय हवीच. वीस वर्षांसाठी केलेल्या आराखड्यात एखादा रस्ता सरकवावा लागतो. पण शहराची हिरवी जागा कुणी एका रात्रीत खाल्लेली मी तरी पाहिली नाही. इथे दोन एकर, तिथे एक आरक्षण, पलीकडे टेकडीच्या पायथ्याची एक पट्टी, प्रत्येक वेळी "किरकोळ". दहा वर्षांनी सगळे फेरबदल एका नकाशावर रंगवले की मूळ आराखडा ओळखू येत नाही. प्रादेशिक योजनेत हेच काम कलम २० खाली चालते. प्रत्येक फेरबदलाआधी राजपत्रात आणि वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते, हरकती मागवाव्या लागतात. सूचना असते बारीक टायपात, आतल्या पानावर, टेंडरांच्या गर्दीत. ती वाचणारा एक माणूस आमदाराच्या कार्यालयात हवा. मी ज्यांच्यासाठी काम केले त्यांतल्या दोघांकडे असा कुणीही नव्हता. वाढदिवसाच्या फ्लेक्सचा मजकूर बघायला मात्र दोन पोरे होती.

आराखडा पहिल्यांदा प्रसिद्ध होतो तेव्हाची गोष्ट तर आणखी महत्त्वाची. एका छोट्या शहराचा प्रारूप आराखडा आला होता. गावाचे नाव सांगत नाही. शासकीय विश्रामगृहातल्या जेवणाच्या टेबलावर आम्ही प्रस्तावित जमीन वापराचा नकाशा पसरला. त्यावर भूमी अभिलेखकडचा जुना गाव नकाशा ट्रेसिंग करून ठेवला. गाव नकाशात ओढा दोन समांतर वळणदार रेघांनी दाखवतात आणि त्या रेघांच्या मधे गट क्रमांक नसतो, कारण ती जमीन कुणाच्या मालकीची नसते. ट्रेसिंगवर त्या दोन रेघा स्पष्ट दिसत होत्या. खालच्या नकाशावर त्याच जागी पिवळा रंग, म्हणजे रहिवास विभाग, आणि मधून नऊ मीटरचा सरळ रस्ता. आमदारसाहेब चष्मा कपाळावर सारून वाकले, त्या जागी बोट ठेवले आणि म्हणाले, "अहो, हा तर खंडोबाच्या मळ्याचा ओढा. श्रावणात इथून बैलगाडी काढता यायची नाही आम्हाला." ओढा नकाशातून कुणी मुद्दाम पुसला होता की सर्वेक्षण उन्हाळ्यात झाल्यामुळे तो दिसलाच नाही, हे मला आजही माहीत नाही. दोन्ही शक्य आहे.

पुढे काय केले ते सांगते, कारण इथेच आमदार आणि साधा नागरिक यांच्यातला फरक कळतो. आमदारांनी स्वतःच्या नावाने मुदतीत लेखी हरकत दाखल केली, ट्रेसिंगची प्रत जोडून. नियोजन समितीपुढच्या सुनावणीला स्वतः येऊन बसले. त्यांच्या मागे त्या मळ्यातले अकरा शेतकरी होते, आणि त्यांतल्या चौघांना ओढा नकोच होता, कारण पिवळ्या रंगाने त्यांच्या जमिनीचा भाव तिप्पट झाला असता. बाहेर पायरीवर जोरदार भांडण झाले. शेवटी ओढा नकाशावर परत आला, पण मुळापेक्षा अरुंद, आणि एका बाजूला रस्ता राहिलाच. याला मी अर्धे यश म्हणते; पूर्ण यश या धंद्यात फारसे बघायला मिळत नाही.

आता सभागृहाकडे. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्ध्या तासाची चर्चा, कपात सूचना ही सगळी हत्यारे प्रत्येक आमदाराकडे असतात आणि बहुतेकांची गंजलेली असतात. "नदी प्रदूषण रोखण्यासाठी शासन कोणत्या उपाययोजना करत आहे" असा प्रश्न विचारला, की उपाययोजनांची एक लांबलचक यादी येते आणि विषय संपतो. प्रश्न असा लिहावा लागतो:

"(१) अमुक नगरपरिषद हद्दीतील गट क्रमांक अमुक ते अमुक मधून वाहणाऱ्या ओढ्याच्या पात्रात भराव टाकून बांधकाम सुरू असल्याचे माहे मे मध्ये निदर्शनास आले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, सदर जमिनीच्या अभिन्यासास (लेआउटला) कोणत्या दिनांकास मंजुरी देण्यात आली व त्यापूर्वी जलसंपदा विभागाचा पूररेषेबाबत अभिप्राय घेण्यात आला होता काय, (३) अभिप्राय घेतला नसल्यास, मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्यावर कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"

प्रत्येक भागाला उत्तर द्यावेच लागते. पहिल्याला "हे अंशतः खरे आहे" असे उत्तर आले, की माझ्यासारखी माणसे खूश होतात. "अंशतः" या शब्दात सरकारने भराव मान्य केलेला असतो आणि ते उत्तर छापील कामकाजात कायमचे राहते. उद्या न्यायालयात किंवा हरित न्यायाधिकरणात ते जोडता येते. "प्रश्न उद्भवत नाही" आले, तर गट क्रमांक चुकला असण्याची शक्यता जास्त. आणि मंत्र्यांनी सभागृहात "तीन महिन्यांत चौकशी करून कार्यवाही करू" असे म्हटले, तर ते आश्वासन ठरते आणि आश्वासन समितीकडे त्याचा पाठपुरावा करता येतो. हे शेवटचे काम कंटाळवाणे असते. त्यासाठी तारखांची वही ठेवावी लागते. तिघांपैकी एकाच आमदाराने ती ठेवली होती, आणि त्यांच्याशी राजकारणावर माझे कधीच पटले नाही.

अशासकीय विधेयकाबद्दल, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेल्या विधेयकाबद्दल, लोक मला फार विचारतात. संसदेत १९७० नंतर एकही अशासकीय विधेयक कायदा झालेले नाही, यावरून अंदाज घ्या. विषय चर्चेत आणायला ते चांगले. त्याहून जास्त आशा ठेवू नका.

कायदा आणि शासन निर्णय यांतला फरक मात्र नीट समजून घ्या. महाराष्ट्रात नद्यांच्या काठी प्रदूषणकारी उद्योग कुठे होऊ द्यायचे, किती अंतर सोडायचे, याचे नदी नियमन क्षेत्राचे धोरण २००० साली आले. नद्यांची प्रतवारी, प्रतवारीनुसार अंतरे, सगळे होते. २०१५ च्या फेब्रुवारीत ते रद्द झाले. सभागृहात कायदा दुरुस्त करावा लागला नाही, मतदान झाले नाही. शासन निर्णयाने आलेली गोष्ट शासन निर्णयाने गेली. एखादा आमदार "आम्ही ओढ्यांच्या संरक्षणाचा जीआर काढून घेतला" असे सांगत आला, तर अभिनंदन करा आणि लगेच विचारा, साहेब, नियमावलीत कधी येणार? एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, २०२० च्या डिसेंबरात मंजूर झालेली, तिच्यात आले म्हणजे परवानगी देणाऱ्याला ते तपासावे लागते. पूररेषांचेच बघा. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. या रेषा आराखड्यावर आखलेल्या असतील तर त्यांना अर्थ. अनेक लहान शहरांत नदीच्या रेषा आहेत, पण तिला मिळणाऱ्या ओढ्यांच्या आखलेल्याच नाहीत, आणि घरात पाणी शिरते ते बहुधा ओढ्याचे. त्या रेषा आखायला जलसंपदा विभागाला निधी मिळवून देणे, हे शंभर टक्के आमदाराचे काम. त्यात फीत कापायला काही नसते, म्हणून ते राहून जाते.

आता ज्या मुद्द्यावर पर्यावरणवाले आणि मी बरेचदा भांडतो, तो. आमदाराकडे शनिवारी सकाळी एक शेतकरी येतो आणि विचारतो, "शेजाऱ्याची जमीन पिवळ्यात, माझी हिरव्यात. मी काय घोडे मारले?" या प्रश्नाला उत्तर नसेल तर जमिनीच्या योग्य वापराच्या सगळ्या गप्पा फोल आहेत. शहरालगत हिरव्या, म्हणजे शेती विभागातल्या एकराला पिवळ्याच्या पावपट भाव मिळत नाही. म्हणजे शहराला हवा, पाणी, मोकळी जागा मिळावी म्हणून त्याची किंमत एका कुटुंबाने मोजायची. तो आपला हिरवा रंग पुसायला पैसे घेऊन एजंटाकडे जाणारच. आरक्षणाचेही तेच: कलम १२७ प्रमाणे ठरावीक वर्षांत जमीन संपादन झाली नाही तर मालक नोटीस देतो आणि मुदतीत पावले उचलली नाहीत तर आरक्षण गळून पडते. किती बागा आणि मैदाने अशी गळाली, ती आपल्या नगरपरिषदेत विचारून बघा. संपादनाला पैसे नाहीत हे खरे असते, आणि पैसे अर्थसंकल्पातून मागून आणणे हे आमदाराचेच काम असते.

पुण्याच्या टेकड्यांचे उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. १९९७ साली २३ गावे हद्दीत आली, त्यांच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण टाकायचा विषय निघाला. शहराच्या माजी महापौर आणि पुढे राज्यसभेत गेलेल्या वंदना चव्हाण यांनी तो लावून धरला, नागरिकांच्या संघटना पाठीशी उभ्या राहिल्या. आरक्षण टिकवायला दशकाहून जास्त काळ गेला. ते टिकल्यावरही गाडी अडली ती मोबदल्यावर: मालकाला किती टीडीआर, म्हणजे जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क, द्यायचा? टेकडी वाचवा म्हणणाऱ्या मोर्चात मी पण होते. पण मालकाला काय द्यायचे याचे गणित मोर्चाच्या फलकावर कुणी लिहिले नव्हते. ते लोकप्रतिनिधीनेच मांडायला हवे, कारण दोन्ही बाजूंची माणसे त्याची मतदार असतात.

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याचे उदाहरण मी नवख्या आमदारांना नेहमी सांगते. तिथे १९७३ साली राज्यभर जमीन वापराचे नियोजन सक्तीचे करणारा कायदा झाला, सेनेट बिल १०० नावाने तो प्रसिद्ध आहे. तो पुढे रेटणारे हेक्टर मॅकफर्सन हे सेनेटर पेशाने दुग्धव्यावसायिक शेतकरी होते. शेतात घरांच्या वसाहती घुसायला लागल्या की गोठ्याच्या वासाच्या तक्रारी सुरू होतात, ट्रॅक्टर रस्त्यावर नकोसे होतात, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. त्यामुळे शेतकऱ्यांशी ते शेतकरी म्हणून बोलू शकले. प्रत्येक शहराला वाढीची हद्द आखावी लागली. आणि तरी तीस वर्षांनी, २००४ मध्ये, तिथल्या मतदारांनी मापदंड ३७ नावाचा ठराव मंजूर केला: निर्बंधांमुळे जमिनीची किंमत घटली असेल तर भरपाई द्या, नाहीतर निर्बंध उठवा. दाव्यांचा पूर आला, आणि २००७ मध्ये दुसऱ्या ठरावाने तो आवरावा लागला. मोबदल्याचा प्रश्न बाजूला ठेवला, तर तो तीस वर्षांनीही परत येतो.

पश्चिम घाटाबद्दल थोडक्यात, कारण तुमचा भाग त्यात असेल तर ही आमदाराची खरी परीक्षा. गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन गटाचा २०१३ चा, आणि पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राची केंद्राची प्रारूप अधिसूचना २०१४ पासून पुन्हा पुन्हा निघते आहे. ३१ जुलै २०२४ च्या प्रारूपात महाराष्ट्रातले १७,३४० चौरस किलोमीटर आणि २,५१५ गावे आहेत. प्रारूपातली बंदी आहे ती खाणकाम, दगडखाणी, वाळू उपसा, नवे औष्णिक वीज प्रकल्प, लाल श्रेणीतले, म्हणजे सर्वांत प्रदूषणकारी, उद्योग आणि २०,००० चौरस मीटरच्या वरची बांधकामे, मोठ्या नगरवसाहती यांवर. शेती, घराची दुरुस्ती, जमिनीची खरेदी-विक्री यांवर नाही. पण मी ज्या ग्रामसभांना बसले आहे, तिथे "तुम्हाला घराचे कौलही बदलता येणार नाही" असे व्यासपीठावरून सांगणारे लोकप्रतिनिधी मी स्वतः ऐकले आहेत, आणि त्यांच्या शेजारी बसलेल्यांत कोण दगडखाणीचा मालक आहे हे सगळ्या गावाला माहीत असते. कुणी आमदार प्रारूपाचा मराठी मसुदा हातात घेऊन ओळ न् ओळ वाचून दाखवेल आणि मग विरोध करेल, तर त्या विरोधाचाही मी मान ठेवीन.

माळीण ३० जुलै २०१४, तळीये २२ जुलै २०२१, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३: दरडींखाली गेलेल्या वस्त्या. ही नावे घेऊन "बघा, डोंगर पोखरले" म्हणायची घाई नको. इर्शाळवाडीला कुणी टॉवर बांधले नव्हते, ती डोंगरावरची आदिवासी वाडी होती. धोक्याच्या उतारावरच्या वाड्यांना खाली सुरक्षित जागा शोधून देणे हाही जमीन वापराचाच विषय आहे, आणि तो अवघड आहे, कारण खालची सपाट जागा एकतर वनखात्याची असते, नाहीतर कुणी फार्महाऊससाठी आधीच घेतलेली असते.

"कशावरून ओळखायचे" याकडे येते. आमदार निधी वर्षाला पाच कोटी रुपये असतो. त्यातून झालेल्या कामांची यादी जिल्हा नियोजन कार्यालयात मिळते. ती घ्या आणि त्यात ओढ्याकाठच्या संरक्षक भिंती किती, नदीचे "सुशोभीकरण" किती, गायरानावरचे सभामंडप किती, ते मोजा. स्लॅब टाकून ओढा झाकणे आणि वर पार्किंग करणे हे मी "पर्यावरणपूरक काम" या शीर्षकाखाली वाचले आहे. गायरानाबाबत तर सर्वोच्च न्यायालयाचा जगपाल सिंग खटल्यातला २०११ चा निकाल आहे, सामूहिक जमिनी अतिक्रमणातून सोडवा म्हणून. तरी सभामंडपाचे नारळ फुटतातच.

दुसरी खूण, नियमितीकरणाच्या विधेयकांवरची भूमिका. गुंठेवारीचा, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्यागुंठ्याने विकलेले प्लॉट नियमित करण्याचा, कायदा २००१ चा. २०२१ मध्ये मुदत वाढवून तो २०२० अखेरपर्यंतच्या बांधकामांना लागू झाला. मी सरसकट विरोधात नाही. शंभर रुपयांच्या स्टँप पेपरवर गुंठा घेतलेला रिक्षावाला कुठे जाईल? पण मुदत वाढली की पुढचे प्लॉट विकणाऱ्याला जाहिरात मिळते: "घ्या बिनधास्त, पुढे नियमित होतेच." आमदाराने निदान ओढ्याचे पात्र, पूररेषेतली जागा आणि तीव्र उतार यांना वगळायची दुरुस्ती सुचवली होती का, ते विधिमंडळाच्या छापील कामकाजात सापडते. टेकडी-डोंगर उतारांसाठी १:५ हा आकडा लक्षात ठेवा. त्याहून तीव्र उतार म्हणजे पाच मीटर चालल्यावर एक मीटरपेक्षा जास्त चढ. तिथे घर नको, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

तिसरी गोष्ट बोलायला अवघड आहे. निवडणूक शपथपत्रात, नमुना २६ मध्ये, उमेदवाराची आणि त्याच्या कुटुंबाची स्थावर मालमत्ता गट क्रमांकासह असते आणि ते शपथपत्र जाहीर असते. ते घेऊन आराखड्यावर ठेवा. जमीन असणे हा गुन्हा नाही, शेतकऱ्याच्या पोराकडे जमीन असणारच. पण नवा रिंगरोड नेमका त्याच गटाला वळसा घालून गेला असेल, तर कुठल्या प्रश्नावर साहेब गप्प का राहिले याचा उलगडा होतो.

भेटायला जाल तेव्हा "टेकडी वाचवा" असे निवेदन आणि पन्नास माणसे घेऊन जाऊ नका. तीन माणसे पुरतात. बरोबर गट क्रमांक, ताजा सातबारा, गाव नकाशाची प्रत, जाहीर सूचनेचे कात्रण आणि हरकतीची शेवटची तारीख न्या. कागदाच्या माथ्यावर एकच ओळ लिहा: आपण या तारखेपर्यंत स्वतःच्या नावाने हरकत दाखल करावी. प्रकल्प पर्यावरण परवानगीचा असेल आणि जनसुनावणी लागली असेल, तर तिथे येऊन बोलावे एवढे मागा. तिथले बोलणे कार्यवृत्तात जाते आणि सुनावणीची सूचना निदान ३० दिवस आधी द्यावी लागते, म्हणजे वेळ असतो. हरित न्यायाधिकरणात जायचे ठरलेच, तर मुदतीचे बंधन तुम्हालाही आहे: पर्यावरण परवानगीविरुद्धच्या अपिलाला ३० दिवस, इतर वादांना सहा महिने. साहेबांच्या "बघतो" मध्ये ती मुदत जाऊ देऊ नका. आणि निवेदनाची पोच घ्या. फोटो नाही, पोच. आवक क्रमांक आणि शिक्का मारून घ्या, आणि शिक्क्यावरची तारीख वाचता येते का ते तिथेच, टेबलासमोर उभे राहून बघा. बऱ्याच कार्यालयांत शिक्क्याची शाई वाळलेली असते.